आपली नर्सबाई

माझं पहिलं बाळंतपण सासरी झालं म्हटलं की अजूनही बाया कपाळाला आठ्या घालतात. पहिलटकरीण आणि सासरी? आई नव्हती का गं तुला? होती ना. धाड गावाजवळच्या खेड्यात चांगली धडधाकट होती, माझ्यासाठी डिंक-खोबरं जमवून वाट बघत बसली होती. सातव्या महिन्यात बाप मला न्यायला आलासुद्धा होता, एसटीचे धक्के खात. तो एकटाच परत गेला, आणि हसत हसत गेला. आमच्या गावात आलेल्या नर्सबाईमुळं हे झालं, आणि तिच्याबद्दल मी आजवर घराबाहेर बोलले नाही. आता बोलते.

महाराष्ट्र नवा नवा झाला होता तेव्हाची गोष्ट. आमचं गाव मलकापूरपासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसावर. आमच्या वस्तीनं धम्म घेतला होता, घरातले जुने देव टोपलीत घालून नदीला सोडले होते. मेलेली ढोरं ओढायचं बंद केलं म्हणून गावाची आमच्यावर खप्पा मर्जी होती. आम्ही बदललो होतो, गाव काही बदललं नव्हतं. विहीर वेगळी, वाट वेगळी, आणि मोठ्या घरात काम असलं तर मागच्या दारानं जायचं.

मोठं घर म्हणजे गावातलं सगळ्यात जास्त जमीनवालं घर. माझा नवरा तिथं सालदार होता. घर चालायचं ते म्हाताऱ्या मालकिणीच्या हुकुमावर. तिला सगळे मोठी बाई म्हणायचे. सरकारनं गावाला नर्स दिली तेव्हा मोठ्या बाईनं तिला आपल्या ओसरीलगतची खोली राहायला दिली. पुण्य लागावं म्हणून दिली असं कोणी समजू नये. घरात नवी सून आली होती, आज ना उद्या पाळणा हलणार होता, नर्स दारात असलेली बरी.

नर्सबाई आली ती पांढऱ्या साडीत, हातात काळी बॅग आणि छत्री. वयानं माझ्याहून फार तर चार-पाच वर्षांनी मोठी असेल. बोलणं एकदम रेडिओसारखं. ‘मला’, ‘तुला’, ‘कशासाठी’. आम्ही ‘मले’, ‘तुले’ आणि ‘कायले’ करणाऱ्या बाया तिच्या तोंडाकडं बघतच राहिलो. ती मोठ्या घराच्या ओसरीवर बाया तपासायची. गावातल्या बाया ओसरीवर सतरंजीवर बसायच्या. आमच्या वस्तीतल्या खाली अंगणात, गोठ्याच्या भिंतीला लागून उभ्या राहायच्या.

पहिल्याच दिवशी माझी सासू, मी तिला आत्याबाई म्हणायचे, अंगणातून घरी आली आणि दार लावून हसायला लागली. हसता हसता डोळ्यांना पदर लावला. मला वाटलं म्हातारीला काही लागलं की काय.

‘अवो माय! हे तं आपली पोरगी हाय!’

‘कोण आपली?’

‘नर्स! मलकापूरले मावसबहिणीच्या घरी लग्न होतं ना, तिथं हेच पोरगी समोर उभी राहून वंदना म्हणत होती. आवाज कसा, खणखणीत! तिचा बाप रेल्वेत हाय. म्या तिच्या मायच्या बाजूले बसून जेवली.’

‘मंग तिनं मोठ्या घरात सांगितलं नाही का?’

‘काऊन सांगंल? सांगितलं तं तिले खोली भेटंल का? पाणी भेटंल का?’ आत्याबाईनं आवाज एकदम खाली आणला. ‘आपली पोरगी त्यायच्या ओसरीवर खुर्चीत बसते, अन् मोठी बाई तिले चहा देते. कपात! खबरदार, कोणी तोंड उघडलं तं.’

आणि कोणी उघडलंही नाही. वस्तीतल्या प्रत्येक घराला ठाऊक होतं, आणि एकाही घरातून ती गोष्ट बाहेर गेली नाही. आम्हा लोकांच्या पोटात काही राहत नाही असं गाव म्हणायचं. राहिलं की! एका पोरीसाठी अख्ख्या वस्तीनं तोंडाला कुलूप घातलं. पोरांना दम दिला, नर्सबाई दिसली की जयभीम करायचा नाही, नुसतं बाजूला व्हायचं. एक म्हातारे होते, सगळ्या दुनियेला जयभीम घालणारे. एकदा ती समोरून आली आणि यांचा हात सवयीनं वर गेला. शब्द अर्धा तोंडात आला, तो त्यांनी तिथंच गिळला आणि असे काही खोकले की नर्सबाईच म्हणाली, ओसरीवर येऊन औषध घेऊन जा. वस्ती चार दिवस त्याच गोष्टीवर हसत होती. आत्याबाई तर अंगणात उभी राहताना बाकीच्यांहून मागं सरकून उभी राहायची, नर्सबाईवर कोणाला संशय नको म्हणून. इतक्या अदबीनं आम्ही कधी मोठ्या बाईपुढंही उभ्या राहिलो नव्हतो.

तिला माहीत होतं का, की आम्हाला माहीत आहे? होतं. आत्याबाईला पाहिलं त्या पहिल्याच दिवशी तिनं औषधाची बाटली उघडता उघडता परत बॅगेत ठेवली होती. मग तिनं बघितलं की म्हातारी काही बोलत नाही, उलट मागं सरकते. त्यानंतर तिनं आमच्याकडं नीट बघणंच सोडलं.

तर माझा बाप न्यायला आला. मी गाठोडं बांधून तयार. आत्याबाईनं त्याला चहा दिला, दार लोटून घेतलं आणि कानात सांगितलं. बाप माझा साधा माणूस. त्यानं चहाची बशी खाली ठेवली.

‘आपली? शिकून नर्स?’

‘हाव ना! सरकारी! आता सांगा, कायले नेता पोरीले तितक्या दूर? तिकडं तुमच्याकडची नर्स येईल न येईल. इथं आपलं माणूस हाय. येळ आली का धावत येते का नाही पाहा.’

आमच्याकडं धाडच्या बाजूला म्हातारी नर्स होती. पोटुशी कोणत्याही जातीची असो, ती घरात शिरून चुलीपाशी बसायची, पोटाला कान लावायची, आईला शिव्या द्यायची की पोरीला दूध का देत नाहीस. हे मला ठाऊक होतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात बाप म्हणाला, ‘बाई, तुमचं खरं हाय. आपलं ते आपलं.’ आणि जाताना मोठ्या घराच्या समोरून मुद्दाम गेला. ओसरीवर ती पांढरी साडी दिसली तेव्हा त्यानं लांबूनच, कोणाच्या लक्षात येणार नाही असे, छातीपाशी हात जोडले. माझ्या लग्नातसुद्धा मी त्याला इतकं खूष पाहिलं नव्हतं.

मोठ्या घरची सून आणि मी, दोघींचे दिवस मागंपुढंच होते. ती माझ्याशी बोलायची नाही असं नाही. मी शेण काढायला गेले की ओसरीच्या खांबाला टेकून विचारायची, तुझं फिरतं का गं जास्त, माझं तर लाथा मारतं. चांगली पोर होती, तिचा मला राग नाही. एकदा ओसरीवर तपासायला तिचा नंबर लागला. नर्सबाईनं तिचा पाय आपल्या मांडीवर घेतला आणि नडगीवर अंगठा दाबून धरला. अंगठा काढला तर तिथं खळगा. भिजवलेल्या कणकेवर बोट दाबल्यावर पडतो तसा, आणि तो भरूनच येईना. नर्सबाईचा चेहरा बदलला. तिनं सुनेची लघवी मागवली, काचेच्या नळीत घालून स्पिरिटच्या दिव्यावर धरली, नळीत पांढरं फुटलं. त्याच दिवशी मोठ्या घरानं गाडी जुंपली, गादी घातली आणि सुनेला मलकापूरच्या खासगी दवाखान्यात नेऊन ठेवलं. नर्सबाई मोठ्या बाईला सांगत होती ते मी गोठ्याच्या भिंतीपाशी उभी राहून ऐकलं. हे दुखणं वाईट आहे, झटके येतात, आई आणि मूल दोघं जातात, आता तिला इथं ठेवायचं नाही.

मी घरी आले, पाय पसरून बसले आणि माझ्या नडगीवर अंगठा दाबला.

पुढच्या खेपेला मी अंगणात उभी राहिले तेव्हा लुगडं घोट्याच्या वर उचलून धरलं. लाज बाजूला ठेवली. नर्सबाई पायऱ्यांवर उभी होती. आमच्याशी ती तिथूनच बोलायची. कितवा महिना, अन्न जातं का, मूल फिरतं का. मग गोळ्या वरून पदरात टाकायची.

‘बाई, माह्या पायाले बी खड्डा पडून राह्यला. डोकं बी ठणकते.’

तिनं पाहिलं. पाहिलं नाही असं मी म्हणणार नाही, चांगलं पाहिलं. पायरीवरून एक पाऊल खाली टाकलं. तेवढ्यात मागून मोठ्या बाईचा आवाज आला, ‘बाई, खाली कुठं चाललात? विटाळ होईल, परत आंघोळ करावी लागेल तुम्हाला.’ ते पाऊल वर गेलं.

‘जड अंगाला सूज येतेच,’ ती म्हणाली. ‘उकिडवं बसून काम करू नकोस.’ आणि माझ्या पदरात त्याच लाल गोळ्या पडल्या.

घरी येऊन मी गोळ्यांची पुडी भिंतीवर फेकली. आत्याबाईनं एकेक गोळी गोळा केली.

‘येड्यावानी करू नको. ते सगळ्यायसमोर कशी शिवंल तुले? तिचं बी पाहा ना. येळ आली का येईल. लपूनछपून येईल, पण येईल. आपलंच गोत हाय.’

मला ते खोटं वाटलं नाही, हीच तर गंमत आहे. गावानं हात लावला नाही तर त्याचं काय वाटायचं? गावाकडून आशाच नव्हती. आशा होती ती तिच्याकडून. म्हणून मी डोकेदुखी सोसली, डोळ्यांपुढं काजवे चमकायला लागले तरी सोसलं. नर्स आपली आहे ना, बघेल. माहेरी निरोपसुद्धा पाठवला नाही.

मग ती सकाळ आली. मी चुलीपुढं होते आणि मला दोन चुली दिसायला लागल्या. बरगड्यांखाली अशी कळ आली की मी तिथंच आडवी झाले. आत्याबाईनं माझं तोंड पाहिलं. सुजून डोळे मिटायला आले होते म्हणे. ती तशीच, पायात वहाण न घालता, मोठ्या घरी पळाली. पुढचं मला तिनंच कितीतरी दिवसांनी सांगितलं.

नर्सबाई ओसरीवर मोठ्या बाईबरोबर डाळ निवडत बसली होती. आत्याबाईनं अंगणातून हाक मारली. ‘बाई, चला जी. सून माही पडली. डोळे फिरवून राह्यली.’

नर्सबाई उठली. बॅग उचलली. मोठी बाई फक्त एवढंच म्हणाली, ‘तुम्ही तिकडं जाऊन आलात तर मग आमची सून घरी आली की तिला, बाळाला हात कसा लावू द्यायचा हो?’ भांडण नाही, आवाज चढवणं नाही. डाळ निवडता निवडता म्हणाली.

नर्सबाईनं बॅग खाली ठेवली. आत्याबाईकडं न बघता विचारलं, ‘तुमच्यात सुईण असेल ना कोणी? तिला बोलवा.’

तुमच्यात! मलकापूरच्या लग्नात जिच्या आईच्या पंगतीला आत्याबाई जेवली होती, ती पोरगी म्हणाली, तुमच्यात. आत्याबाईला त्या वेळी एका शब्दाचं काम होतं. म्हणायचं, पोरी, मी तुह्या मायले ओळखतो, चल उठ. म्हणाली नाही. परत आली, माझ्या नवऱ्याला शेतातून बोलावलं, शेजाऱ्याची गाडी जुंपली.

गाडीत मला झटके आले. मला त्यातलं काहीच आठवत नाही. माझ्या जिभेला नंतर जी जखम होती तिच्यावरून मला समजलं. जागी झाले तेव्हा वर सरकारी दवाखान्याचं पांढरं छत, खाटेशी आत्याबाई, आणि पोट रिकामं. मुलगी होती. पूर्ण वाढलेली, केस काळेभोर. ती माझ्या हातात कोणी दिली नाही. नवऱ्यानं तिला धडुत्यात गुंडाळून नेलं होतं.

डॉक्टर आले. भला माणूस होता, स्वतः नाडी धरून बसला. त्यानं माझ्या पायावर अंगठा दाबला आणि चिडला. ‘ही सूज कालची नाही. तुमच्या गावाला नर्स नाही का? कोणी पाहिलं नाही हिला?’

मी आत्याबाईकडं पाहिलं. जीभ सुजल्यानं मला बोलता येत नव्हतं. आता तरी सांगेल, मला वाटलं. इथं कोण मोठी बाई आहे, इथं कोणाची ओसरी आहे!

‘नाही जी,’ आत्याबाई म्हणाली. ‘नर्स नाही आमच्या गावाले.’

मी भिंतीकडं तोंड फिरवलं. मुलगी गेली हे समजलं तेव्हा मी रडले नव्हते, ते तेव्हा रडले.

घरी आल्यावर मला बोलता यायला लागलं तसं मी घर डोक्यावर घेतलं. मी म्हटलं, मी जाते चौकात आणि सांगते तिची जात सगळ्यांना, बघू तिची खोली कशी राहते. आत्याबाई दारात आडवी उभी राहिली. ‘आपलेच दात अन् आपलेच ओठ, माय. तिची भाकर गेली तं आपल्या कोणत्या पोरीले पुढं शिकू देतीन हे लोक? तुही लेक वापस येईल का?’ मी म्हटलं, आत्याबाई, कुंपणानंच शेत खाल्लं आणि तुम्ही कुंपणाची राखण करून राह्यल्या. त्या दिवशी आम्ही दोघी जेवलो नाही.

आणि दूध! त्या मुक्या जनावरासारख्या शरीराला कोण सांगणार की लेकरू नाही? छाती दगड झाली, चोळी ओली. ताप भरला. आत्याबाई मोगऱ्याची फुलं आणून बांधायची आणि म्हणायची, पिळून टाक, बरं वाटंल. मी वाटीत पिळायचे आणि ती वाटी परसातल्या लिंबाच्या बुंध्याशी ओतून यायची. पायदळी पडू नये म्हणून.

अशातच एका दुपारी दारात पांढरी साडी उभी राहिली.

वस्तीत ती पहिल्यांदा आली होती. छत्री उघडी, कपाळापर्यंत खाली ओढलेली. आत्याबाई धडपडत उठली, पोतं अंथरलं. नर्सबाई आत आली, दार आपल्या हातानं लोटलं आणि सरळ माझ्याजवळ जमिनीवर बसली. माझा हात हातात घेतला, कपाळाला हात लावला. इतका मऊ हात. मला खरं सांगायचं तर क्षणभर सगळा राग वितळल्यासारखा झाला. वाटलं, आली बिचारी. उशिरा का होईना, आली.

‘वहिनी, लय सोसलं तुम्ही,’ ती म्हणाली. आमच्यासारखी बोलली. रेडिओ कुठल्या कुठं गेला. ‘मले झोप नाही लागत. माही मजबुरी होती.’

तिनं आत्याबाईनं दिलेलं पाणीही घेतलं. मग इकडंतिकडं पाहिलं.

‘मोठ्या घरच्या सुनेचं बाळ आलं दवाखान्यातून. पोरगा हाय. पोट कापून काढला. तिले ताप हाय, दूध आटलं. गाईचं, बकरीचं काहीच पचत नाही त्याले, हागवण लागली. असंच चाललं तं जाईल.’ तिनं माझ्या ओल्या चोळीकडं पाहिलं. ‘तुमच्याजवळ हाय. तुम्ही आपल्या म्हणून तुमच्याकडं आली.’

आपल्या! पायाला खड्डा पडला तेव्हा मी कोण होते? डोळे फिरले तेव्हा कोण होते? तिच्या बॅगेत पितळेची वाटी होती, झाकणाची, घासून चकचकीत केलेली. मोठ्या घरची.

‘लेकराले इथं आणा,’ मी म्हटलं. ‘मांडीवर घेतो, पाजतो.’

‘कसं आणू वहिनी? तुम्हाले माहीत नाही का? वाटीत द्या. मी चमच्यानं पाजतो.’

‘अन् कोणाचं म्हणून सांगसान?’

तिनं बॅगेतून वाटी काढून पुढं ठेवली. आत्याबाई मधे पडली, ‘असू दे ना माय, लेकरू हाय.’ लेकरू होतं, ते मलाही कळत होतं. त्या सुनेचा खांबाला टेकलेला चेहरा डोळ्यांपुढं येत होता. मी नर्सबाईचं मनगट धरलं. चांगलं घट्ट धरलं.

‘दूध देतो. पण माहं हाय म्हणून सांगाचं. माह्या नावानं सांगाचं, या वस्तीतलं हाय म्हणून सांगाचं. मोठी बाई नाही म्हणाली तं आणून इथं ओतून द्या. तुमचं तुम्ही लपवा, माहं नाही लपवाचं. कबूल?’

‘कबूल,’ ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी तिच्यावर विश्वास ठेवला. परत एकदा.

मी पाठ फिरवून वाटी भरली. ती वाटी पदराखाली घेऊन गेली. संध्याकाळी आली, दुसऱ्या दिवशी सकाळी आली. पोराचं पोट बसलं म्हणाली, झोपलं म्हणाली. मोठी बाई काय म्हणाली, मी विचारलं. ‘काही नाही म्हणाली,’ असं सांगितलं. मला वाटलं, बघा, लेकराच्या जिवापुढं म्हातारी नमली. मी त्या दिवशी न्हाले, केस विंचरले. खोटं कशाला बोलू, माझ्या दुधानं कोणीतरी जगतंय आणि ते गावाला कबूल आहे, या कल्पनेनं मला बाळंतपणानंतर पहिल्यांदा भूक लागली.

दुपारी आत्याबाई मोठ्या घरी मागच्या दारानं कोंडा आणायला गेली. परत आली ती कोंड्याचं टोपलं डोक्यावरून न उतरवताच उभी राहिली.

‘काय झालं?’

‘मोठी बाई खूष हाय. म्हणे, नर्सबाईनं मळ्यातली माळीण शोधून काढली, तिचं दूध मानवलं बाप्पा नातवाले. म्हणे, चांगल्या घरचं दूध लागलंच पाहिजे अंगाले.’

‘अन् तुम्ही काय म्हणाल्या?’

आत्याबाईनं टोपलं उतरवलं. ‘म्या काय म्हणू,’ ती म्हणाली आणि पहिल्यांदाच माझ्यापुढं डोक्याला हात लावून रडायला बसली.

मळ्यात माळीण होती खरी. गावापासून लांब, पडताळायला कोण जातंय? आणि मोठ्या बाईला तरी पडताळायचं होतं कुठं? जे विचारायचं नसतं ते माणूस बरोबर विचारत नाही. माझं लेकरू गेलं तेव्हा ही आमच्यातली नव्हती. आता माझं दूध गेलं, ते आमच्यातलं नव्हतं. स्वतःला जसं लपवलं तसं तिनं माझं दूध लपवलं, आणि मला विचारलंसुद्धा नाही.

पोरगा जगला, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर कोणाचा तरी जीव उगाच टांगणीला लागायचा. मलकापूरहून डब्याचं दूध आणलं, तोवर त्याचं पोटही सावरलं होतं. मोठ्या घरांना दुसरा रस्ता सापडतो. त्या वेळी मला हे ठाऊक नव्हतं. ठाऊक नसतानाच मी केलं ते केलं, आणि त्याचं मला आजही काही वाटत नाही.

संध्याकाळी ती आली. छत्री, पांढरी साडी, घासलेली वाटी. या खेपेला सवयीनं आत शिरली, पोतं आपल्या हातानंच ओढून बसली आणि म्हणाली, ‘वहिनी, जरा लवकर करा, पोरगं रडून राह्यलं.’

चोळी ओली झालीच होती. रडण्याचं नुसतं नाव निघालं की शरीर ऐकतं, कोणाचं आहे ते विचारत नाही. मी पदर छातीवर घट्ट ओढून घेतला, तिची वाटी उचलली, झाकण लावलं आणि तिच्या हातात परत दिली.

‘माळणीकडं जा, बाई,’ मी म्हटलं.